तहात हरायचं की खटल्यात झिजायचं?

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा सांगलीकडचा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अ‍ॅबट्सफर्डजवळ आमचं लाकडाचं छोटं युनिट आहे. आमचं स्वतःचं जंगल नाही, सॉ मिलही नाही. मोठ्या मिलकडून सीडरचा कच्चा माल घ्यायचा, भट्टीत वाळवायचा, रंधून त्याच्या साइडिंगच्या (घराच्या बाहेरच्या भिंतींवर लावायच्या) आणि फेशियाच्या (छपराच्या कडेच्या) फळ्या करायच्या आणि सुमासच्या नाक्यावरून अमेरिकेत पाठवायच्या, हा धंदा. भागीदार पंजाबी आहेत, मी त्यांना पाजी म्हणतो. त्यांच्या आजोबांपासून घराणं लाकडात आहे.

ऑगस्टपासून कॅनडाच्या लाकडावरची अमेरिकेची ड्युटी ३५ टक्क्यांवर गेली, ऑक्टोबरात वर आणखी १० टक्के बसले. आमच्या संघटनेनं सभासदांना विचारलं आहे की, कोटा किंवा निर्यात कर मान्य करून सरकारनं अमेरिकेशी समझोता करावा का? मला वाटतं करावा. माझ्या आजोबांनी बांधाच्या भांडणात तीस वर्षं कोर्टात घातली आणि वकिलांची घरं बांधून दिली. पाजी म्हणतात, "आपण एकही मोठी केस हरलेलो नाही, मग वाकायचं कशाला? २००६ ला वाकलो, काय मिळालं?" ह्यावरून आमच्यात आता रोज खटके उडतात. संघटनेला उत्तर महिनाअखेर द्यायचंय. तडजोड करण्यात अर्थ आहे का? आणि माझा भाऊ मिरजेत वखारीवर आहे, तर थोडा माल भारतात पाठवून बघावा का?

— एक वखारवाला, नोव्हेंबर २०२५

उत्तर

नमस्कार.

तडजोड करावी, असं माझं मत आहे. पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नव्हे, आणि संघटनेनं विचारलेल्या प्रश्नाला नुसतं "हो" लिहून पाठवू नका. त्या "हो"मध्ये तुमचा धंदा बसतो का, हे आधी बघायला हवं. गेल्या वेळी तो बसला होता. ह्या वेळी बसेलच असं नाही.

आधी पाजींचं बोलू, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सॉफ्टवुडच्या, म्हणजे पाइन, फर, सीडर अशा लाकडाच्या, ह्या भांडणाला चाळीस वर्षं होऊन गेली. मूळ मुद्दा एकच: कॅनडातलं नव्वद टक्क्यांहून जास्त जंगल सरकारी मालकीचं आहे, आणि उभ्या झाडाचा दर, म्हणजे स्टम्पेज, प्रांत सरकार ठरवतं. अमेरिकेत बहुतेक लाकूड खाजगी जमिनीवरून बाजारभावानं येतं. म्हणून तिकडचे मिलवाले म्हणतात, हा स्वस्त स्टम्पेज म्हणजे सबसिडी. १९८३ मध्ये अमेरिकेच्याच वाणिज्य खात्यानं ही तक्रार फेटाळली होती. १९८६ मध्ये तेच खातं उलटं फिरलं. तेव्हा कॅनडानं डिसेंबरात करार केला आणि स्वतःच १५ टक्के निर्यात कर लावला. १९९१ मध्ये कॅनडानं तो करार मोडला, १९९२ मध्ये अमेरिकेनं साडेसहा टक्क्यांची ड्युटी लावली, दोन्ही देशांच्या पॅनेलपुढे कॅनडा जिंकला आणि १९९४ नंतर जमा झालेली ड्युटी परत मिळाली. इथवर पाजींचं बरोबर आहे.

पण पुढचं बघा. जिंकल्यावर काय झालं? १९९४ मध्येच अमेरिकेनं आपल्या कायद्यातली सबसिडीची व्याख्या अशी करून घेतली की आधीच्या निकालातला युक्तिवाद पुन्हा चालू नये. नव्या केसची टांगती तलवार बघून कॅनडानं १९९६ मध्ये पुन्हा करार केला: चार प्रांतांमधून वर्षाला १४.७ अब्ज बोर्ड फूट (हे लाकूड मोजायचं माप) माल फी न भरता, त्याच्या वर फी. तो करार ३१ मार्च २००१ ला संपला. २ एप्रिलला नवी तक्रार दाखल! मधला दिवस रविवार होता, एवढंच.

तुमच्या आजोबांच्या बांधाशी ह्याची तुलना तुम्ही केलीत, ती इथेच तुटते. बांधाच्या खटल्यात तीस वर्षांनी का होईना, निकाल लागतो आणि दगड रोवला जातो. ह्या भांडणात दगड रोवतच नाहीत. अमेरिकेच्या कायद्यानं तिकडच्या उद्योगाला हवी तेव्हा नवी तक्रार करता येते, आणि आधीच्या तक्रारीत तो हरला होता ह्यानं काही अडत नाही. म्हणून "आपण जिंकलो" हे खरं असूनही धंद्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ इतकाच की जुने पैसे परत मिळाले, किंवा मिळणार होते. पुढच्या वर्षी तुमच्या फळीवर ड्युटी नसेल, ही हमी कुठलाही निकाल देत नाही. ती फक्त करार देतो, आणि तोही मुदतीपुरती.

आता २००६. पाजींना खरी जखम तिथली आहे, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण संघटनेत जे कोणी बोलतील ते ह्याच कराराच्या नावानं बोलतील.

२००२ च्या मे महिन्यापासून अमेरिका कॅनडाच्या लाकडावर सरासरी २७ टक्के वसूल करत होती. नाफ्ताच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोच्या मुक्त व्यापार कराराच्या, पॅनेलांनी एकामागून एक निकाल कॅनडाच्या बाजूनं दिले. २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचं शेवटचं अपीलही फेटाळलं गेलं. अमेरिकेनं तरीही पैसे सोडले नाहीत. तोवर पाच अब्ज अमेरिकन डॉलरवर रक्कम अडकली होती. मग स्टीफन हार्पर पंतप्रधान झाले, आणि त्यांचे व्यापारमंत्री डेव्हिड एमर्सन ह्यांनी समझोता घडवून आणला. हे एमर्सन राजकारणात येण्याआधी एका बड्या लाकूड कंपनीचे प्रमुख होते, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

करारात ठरलं असं: चार अब्जांहून जास्त परत, पण एक अब्ज अमेरिकेतच राहणार. त्यातले पन्नास कोटी थेट तक्रार करणाऱ्या अमेरिकन मिलवाल्यांना. परतावा मिळालेल्या कॅनडाच्या कंपन्यांकडून सरकारनं सुमारे १८ टक्के विशेष आकार कापून घेतला, म्हणजे ह्या अब्जाचा बोजा त्यांच्यावरच पडला. करार १२ ऑक्टोबर २००६ ला अमलात आला. आणि १३ ऑक्टोबरला, दुसऱ्याच दिवशी, न्यूयॉर्कमधल्या अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानं निकाल दिला की कॅनडाच्या कंपन्यांचे पैसे परत करायला हवेत.

रणात जिंकायचं आणि तहात हरायचं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पाजींनी हा किस्सा सांगितला की तुमच्याकडे उत्तर नसतं, असं माझा अंदाज म्हणतो. उत्तर आहे. तो निकाल म्हणजे चेक नव्हता. त्यावर अपील झालं असतं, त्याला आणखी काही वर्षं लागली असती, आणि त्या काळात ड्युटी चालूच राहिली असती. आणि अपील जिंकूनही दुसऱ्या दिवशी नवी तक्रार आली असती, ती बंद करायचा अधिकार कुठल्याच न्यायाधीशाकडे नव्हता. अब्जभर डॉलर देऊन कॅनडानं ही तक्रार न येण्याची नऊ वर्षं विकत घेतली, आणि करार संपल्यावर आणखी एका वर्षाची स्थगिती. ऑक्टोबर २०१६ ला ती संपली, नोव्हेंबर संपायच्या आत तक्रार आलीच.

सौदा महाग पडला का? पडला. मला स्वतःला ते पन्नास कोटी पटत नाहीत. पुढच्या केसचा खर्च आपणच प्रतिवादीच्या खिशातून फिर्यादीला देण्यासारखं ते झालं. पण महाग सौदा आणि वाईट सौदा ह्यांत फरक असतो. तो वाईट का होता, ह्याचं खरं कारण वेगळंच आहे, आणि त्याची चर्चा कमी होते.

त्या करारात निर्यात कर बाजारभावाला बांधला होता. फ्रेमिंगच्या, म्हणजे घराचा सांगाडा उभारायच्या, लाकडाचा भाव हजार बोर्ड फुटाला ३५५ डॉलरच्या वर असेल तर कर शून्य. त्याच्या खाली आला की ५ टक्के, आणखी खाली १० टक्के, ३१५ किंवा त्याखाली १५ टक्के. हा झाला एक पर्याय. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टानं हा घेतला. दुसऱ्यात कर कमी पण सोबत कोटा. ऑन्टारिओ, क्वेबेक त्यात गेले. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण जरा नीट बघा: भाव चढा असताना, म्हणजे मिलवाल्याच्या हातात पैसा खेळत असताना, कर माफ. भाव पडला, कामगारांना घरी बसवायची वेळ आली, की कर १५ टक्के. अमेरिकेत २००५ साली वीस लाखांवर घरांची बांधकामं सुरू झाली होती, २००९ मध्ये ती साडेपाच लाखांवर आली. म्हणजे सही झाली आणि वर्षभरात बाजार कोसळायला लागला. पुढची काही वर्षं भाव बहुतेक काळ त्या खालच्या पायरीवर होता आणि कराची टक्केवारी वरच्या.

तरीही एक गोष्ट: तो कर ओटावानं गोळा केला आणि प्रांतांना वाटला. आज तुम्ही जी ड्युटी भरता ती वॉशिंग्टनच्या तिजोरीत जाते. करारानंतर लंडनच्या लवादात तीन वेळा भांडणं झाली, कॅनडा काही हरला, २०१२ मध्ये एक महत्त्वाची केस जिंकला. भुंग्यांनी खाल्लेल्या पाइनला ब्रिटिश कोलंबियानं स्वस्त दर लावला म्हणून ती होती. म्हणजे करार झाला की शांतता, असंही समजू नका. भांडण चालू राहतं, फक्त त्याचा आवाका लहान होतो.

आता तुमच्या युनिटकडे येऊ. तुमच्यासाठी २००६ च्या करारातलं सगळ्यात मोलाचं कलम शून्य टक्क्याचं नव्हतंच. ज्याच्याकडे जंगलाचा हक्क नाही आणि जो दुसऱ्याकडून माल घेऊन त्यावर पुढचं काम करतो, अशा स्वतंत्र रीमॅनवाल्याचा (रीमॅन्युफॅक्चररचा) कर त्याच्या विक्रीच्या किमतीवर नव्हे, तर पहिल्या मिलच्या दारातल्या भावावर धरला जाई. शिवाय किंमत कितीही असो, कराच्या हिशेबासाठी ती हजार फुटाला ५०० डॉलरच्या वर धरायची नाही, अशी मर्यादा होती.

उदाहरणादाखल आकडे धरू. तुम्ही कच्चा सीडर ९०० डॉलर हजारानं घेतला, त्यावर भट्टी, रंधा, मजुरी, वाया गेलेला माल असं सगळं करून फळी २,००० ला विकली. आजच्या पद्धतीत २,००० वर ३५ टक्के, म्हणजे ७००, आणि वरच्या १० टक्क्यांचे २००. एकूण ९०० डॉलर. जेवढ्याचं लाकूड घेतलं तेवढीच ड्युटी! २००६ च्या करारात, अगदी वाईटातल्या वाईट पायरीवर, ५०० च्या १५ टक्के, म्हणजे ७५ डॉलर.

ह्यात अन्याय कुठला ते बघा. सबसिडी असेलच तर ती स्टम्पेजमध्ये, जंगलाचा हक्क असलेल्याच्या खिशात. तुम्ही लाकूड बाजारभावानं घेतलंत. तुमच्या रंध्याला, तुमच्या भट्टीच्या गॅसबिलाला कुणी सबसिडी दिली? पण ड्युटी त्याच्यावरही लागते, कारण ती सीमेवरच्या पूर्ण किमतीवर आकारली जाते. टू बाय फोर, म्हणजे फ्रेमिंगचं साधं लाकूड, विकणाऱ्या मोठ्या मिलला ही टक्केवारी डोकेदुखी आहे. तुम्हाला ती प्राणघातक आहे.

मग समझोत्याच्या टेबलावर तुमच्या बाजूनं कोण बसणार? इथे पाजींच्या रागाला योग्य दिशा मिळू शकते. कॅनडाच्या बड्या लाकूड कंपन्यांनी गेल्या वीस वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत भरपूर मिला घेतल्या आहेत. ड्युटीमुळे अमेरिकेत भाव चढला की त्यांच्या जॉर्जियातल्या, अलाबामातल्या मिलला फायदाच होतो. ब्रिटिश कोलंबियात तोटा, तिकडे थोडी भरपाई. मी त्यांना दोष देत नाही, धंदा असाच करतात. पण ते "आम्हाला समझोता हवा" किंवा "घाई नको" म्हणतात तेव्हा त्यांचा हिशेब तुमच्या हिशेबासारखा नसतो. आणि वाटाघाटी करणारे मंत्री (एमर्सन आठवा), सल्लागार ह्यांचा रोजचा संबंध ह्याच मंडळींशी येतो. समझोता झाला तर तो मोठ्या मिलांच्या सोयीनं लिहिला जाईल आणि रीमॅनचं कलम शेवटच्या रात्री देवाणघेवाणीत सोडून दिलं जाईल, ही भीती मला समझोता न होण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटते.

दुसरं, कोटा. संघटनेच्या पत्रात हा शब्द सहज आलाय, पण तो सहज घेऊ नका. कोटा म्हणजे आधी देशाचा वाटा, मग प्रांताचा, मग कंपनीचा. कंपनीचा वाटा सहसा मागच्या निर्यातीवर ठरतो. मागची म्हणजे कुठली वर्षं? तुमची निर्यात २०२१ ला चांगली होती आणि ह्या वर्षी निम्म्यावर आली असेल, तर आधार वर्ष २०२५ धरल्यास तुम्ही कायमचे निम्म्यावर. एका ओळीच्या तळटीपेत हे ठरतं आणि दहा वर्षं भोगावं लागतं.

कर आणि कोटा ह्यांत निवडायची वेळ आली तर तुमच्यासारख्यानं कर निवडावा, तोही पहिल्या मिलच्या भावावर. भाव पडला की कर चढवायचा, ही २००६ ची उलटी शिडी मात्र नको. आज ड्युटी भावाला बांधलेली नाही म्हणून २०२१ च्या मे महिन्यात, भाव हजार फुटाला १,६०० डॉलरवर गेला तेव्हाही ती वसूल झाली, आणि जुना करार असता तर त्या दिवशी शून्य पडली असती, हे खरं. पण असे दिवस थोडे. तुम्ही वाचता की बुडता, हे मंदीत ठरतं.

आता, लढत राहण्याचा पाजींचा मार्ग आज कितपत खुला आहे? ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनं अमेरिकेची ड्युटी चुकीची ठरवली. अमेरिकेनं अपील केलं, तेही अशा अपील मंडळाकडे, जिथे डिसेंबर २०१९ पासून कामकाजापुरते सदस्यच नाहीत. म्हणजे निकाल आहे आणि नाहीही. नाफ्ताखालच्या पॅनेलांवर माणसं नेमायलाच वर्षं गेली. आणि ऑक्टोबर २०२५ चे वरचे १० टक्के तर राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखाली लावलेत. सबसिडी नाही हे तुम्ही शंभर टक्के सिद्ध केलंत तरी त्या १० टक्क्यांना धक्का लागत नाही. म्हणूनच नुसत्या जुन्या ड्युटीवरचा समझोता आज अर्धवट ठरेल. हे १० टक्केही त्यातच मिटले पाहिजेत, नाहीतर एका दारानं सूट आणि दुसऱ्या दारानं वसुली.

दोन्ही बाजूंची गरज बघितली तर समझोत्याला जागा आहे. अमेरिका वापरते त्यातलं साधारण पाव लाकूड कॅनडातून जातं, आणि तिकडच्या मिला उद्या सकाळी ती उणीव भरून काढू शकत नाहीत. पण आपल्या बाजूची ताकदही १९९६ सारखी राहिलेली नाही. भुंगे, वणवे आणि तोडीच्या कमी झालेल्या मर्यादा ह्यांमुळे ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात लाकूडच कमी मिळतं, गावोगावच्या मिला बंद पडताहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ड्युटी नसती तरी अडचणीत आल्या असत्या. हे संघटनेच्या बैठकीत बोललं की लोक नाराज होतात, पण खरं आहे. त्यातून ऑक्टोबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी ऑन्टारिओच्या एका जाहिरातीवरून बोलणीच थांबवली. अशा समोरच्याशी करार करताना तो पाळला जाईल का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर करार न करण्यात नाही, परताव्याच्या कलमात आहे: जुने पैसे आधी हातात, सही नंतर. २००६ ला परतावा लवकर मिळावा म्हणून एक्स्पोर्ट डेव्हलपमेंट कॅनडा ह्या सरकारी संस्थेनं कंपन्यांचे हक्क घेऊन आधीच रक्कम दिली होती. तशी सोय पुन्हा मागता येते.

तेव्हा संघटनेला असं लिहा, की आमचा समझोत्याला पाठिंबा आहे, अटींसह. स्वतंत्र रीमॅनवाल्यांवर कर पहिल्या मिलच्या भावावर आणि वरच्या मर्यादेसह असावा. कोट्याची वेळ आलीच तर आधार वर्षं एकापेक्षा जास्त असावीत आणि त्यात पडती वर्षं एकटी धरू नयेत. सुरक्षेच्या नावाखालचे १० टक्के त्याच करारात संपावेत. ज्यांनी ड्युटीची अनामत भरली त्यांनाच परतावा मिळावा आणि तक्रारदारांना त्यातून काही जाऊ नये. हे शेवटचं पूर्ण मिळणार नाही, पण मागितलं नाही तर सुरुवातच पन्नास कोटींपासून होईल. ह्या पत्राखाली पाजींची सही घ्यायला तुम्हाला अडचण येणार नाही. त्यांचा विरोध वाकण्याला आहे, आणि ह्यात वाकणं कुठे आहे? तुमच्यासारख्या दहा-बारा युनिटांनी एकच मजकूर पाठवला तर उत्तम. एकट्याचं पत्र फाइलला लागतं.

भारताचं थोडक्यात. कल्पना वेडी नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या लाकडाचा प्रचार करणारं "कॅनेडियन वुड" मुंबईत बरीच वर्षं काम करतंय, हेमलॉक, डग्लस फर, स्प्रूस-पाइन-फर, तुमचं सीडरसुद्धा ते दाखवतात. पण मिरजेच्या वखारीत गिऱ्हाईक सागवान नाहीतर न्यूझीलंडचं पाइन घनफुटाच्या भावानं मागतं, आणि त्याला फळी रंधलेली नको असते, ती त्याचा सुतार रंधतो. तुमची कमाई नेमकी रंध्यात आहे. म्हणजे भारतात पाठवायचं तर तुमचं कौशल्य कॅनडातच ठेवून कच्चं लाकूड पाठवण्यासारखं होईल. रिसॉर्ट, बंगले, बाहेरच्या भिंतींचं क्लॅडिंग करणारे आर्किटेक्ट हे खरं गिऱ्हाईक, आणि ते पुण्या-मुंबईत, गोव्यात भेटेल. भावाला वखारीतून एखादा नमुना फिरवायला सांगा, त्यापलीकडे ह्या वर्षी पैसे घालू नका. अमेरिकेची ३५ टक्के आग विझवायला मिरजेचा बंब पुरणार नाही.

राहिला तुमचा आणि पाजींचा हिशेब. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मला वाटतं खटके धोरणावरून कमी आणि पैशांवरून जास्त उडत असावेत. सुमासला ट्रक लागतो तेव्हा अनामत भरावी लागते, ती आयातदार म्हणून नोंद असलेल्याच्या नावावर जाते, वर ड्युटीच्या हमीचा बाँड देणारी कंपनी तारण मागते, आणि बँकेची क्रेडिट लाइन संपत येते. अशा वेळी "शेवटी सगळं परत मिळेल" असं मानणारा भागीदार आणि "गेलं ते गेलं" असं मानणारा भागीदार एकाच ताळेबंदाकडे बघून दोन वेगळे धंदे बघत असतात. त्यामुळे आधी अकाउंटंटकडून भरलेल्या अनामतीचं वेगळं खातं करून घ्या, वर्षवार, आणि रोजच्या नफा-तोट्याच्या बोलण्यातून ते बाहेर काढा. माल पाठवायचा की नाही हे ठरवताना ती रक्कम बुडाली असं धरा. परवडत असेल तरच ऑर्डर घ्या. घराच्या तारणावर आणखी कर्ज काढून ड्युटी भरायची नाही, एवढी एक रेघ दोघांनी मिळून ओढा.

आणि भागीदारीच्या करारात एक कलम वकिलाकडून घालून घ्या, ते बहुधा तुमच्या करारात नसेल: उद्या दोघांपैकी कुणी बाहेर पडला, युनिट विकलं किंवा बंद केलं, तर नंतर येणारा परतावा कुणाला आणि कुठल्या प्रमाणात. असा परतावा धंदा संपल्यावर पाच-सात वर्षांनीसुद्धा येतो. आयातदार म्हणून नोंद कंपनीच्या नावावर आहे की अमेरिकेतल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या, हेही त्याच भेटीत तपासा. व्यापाऱ्याच्या नावावर असेल, तर परतावा तुमच्याकडे कसा येणार हे त्याच्याकडून आताच लेखी घ्यायला हवं.